आत घेतलेला होकार

शेलेफ्तिओच्याही वर, जिथे नदी सहा महिने
पाठ करून निजलेली असते,
तिथल्या वृद्धाश्रमात पहिल्याच पाळीला
एव्दोकियाने विचारलं, कॉफी हवी का?
आणि अल्गोट लिंडमार्क, वय एक्याण्णव,
यांनी ओठांचा चंबू करून
हवा सर्रकन आत ओढली.
जणू चटका बसला. जणू बरगडीत कळ.

तिने ट्रे खाली ठेवला, नाडी धरली,
लाल बटण दाबलं.
धावत आलेली माइरे हसता हसता भिंतीला टेकली:
अगं, हो म्हणतायत ते. कॉफी दे.

इकडे 'हो' बाहेर टाकत नाहीत,
आत घेतात.
थंडीच इतकी, की तोंड उघडून
ऊब वाया कशाला घालवायची,
असं माइरेचं म्हणणं. खरं-खोटं कुणास ठाऊक.
नदीतून ओंडके वाहून नेणारी माणसं ही,
हातात आकडीची काठी, पायाखाली घरंगळतं झाड;
लांब वाक्यं बोलणारा पाण्यात पडायचा.

एव्दोकिया खिओस बेटावरची.
तिच्या गावात 'नाही'ला शब्द लागत नाही:
भुवया वर, हनुवटी किंचित वर,
फार झालं तर जिभेचा एक च्च.
(आपण च्च म्हणतो ते हळहळून. तिथे हळहळ नाही.)
तिची आई अख्खा बाजार
त्या एका भुवईवर करायची.

दुपारी अल्गोट विचारायचे,
तुमच्या बेटावर बर्फ पडतो?
तिच्या भुवया वर.
त्यांना वाटायचं, हिला ऐकू आलं नाही.
पुन्हा: बर्फ. पडतो?
पुन्हा भुवया.
तिसऱ्यांदा खिडकीकडे बोट दाखवून ओरडायचे,
बर्फ!
असा एक अख्खा नोव्हेंबर गेला.

मग जमलं. कसं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.
फेब्रुवारीत बहिणीशी फोनवर बोलताना
तिने श्वास आत ओढून 'हो' म्हटलं,
तर बहीण घाबरली: काय झालं? कुठे लागलं?
आणि सूप नको असलं की अल्गोट
आपल्या पांढऱ्या, विरळ भुवया
कपाळावर चढवायचे,
फार कष्टाने,
भिजलेला ओंडका काठावर ओढावा तशा.

एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटायला लागला.
मुलगी आली गोथेनबर्गहून, गुनवोर,
ओल्या बुटांनिशी तशीच खाटेशी.
दक्षिणेत राहून तिचा होकार
बाहेर पडायला लागलेला, मोठ्याने, दोनदा-दोनदा.
बाबांनी दोन दिवस डोळे उघडले नव्हते.
कानाशी वाकून ती म्हणाली:
घर विकलं मी. आईचं. तुम्हाला न विचारता.
चाललं ना?

बराच वेळ काहीच नाही.
खाली कुणीतरी चमचे धूत होतं.
मग अल्गोटनी हवा आत घेतली,
ओठांमधून, सर्रकन.
ती बाहेर यायला वेळ लागला.
मग आली. मग दुसरा श्वास, साधा, नुसताच.

गुनवोरने वर पाहिलं.
हो म्हणाले ना? तुम्हीही ऐकलंत ना?

एव्दोकियाला ठाऊक होतं,
शेवटाकडे श्वास असाही होतो, छाती खरवडत जाणारा,
त्याला कुणाशी काही बोलायचं नसतं.
तिच्या भुवया आपसूक वर गेल्या.
हनुवटीही, बोटभर.
आईची भुवई. बाजारातली.

गुनवोरला त्यात काय दिसलं, देव जाणे.
अहो, म्हणजे काय, ऐकलं तर! असंच काहीतरी बहुतेक.
ती रडायला लागली, सुटल्यासारखी,
एव्दोकियाचं मनगट घट्ट धरून.

एव्दोकियाने भुवया खाली आणल्या.
सावकाश.
आणि कुणी पुन्हा न विचारताच
ओठांमधून
थोडी हवा आत घेतली.